एक स्टार देणाऱ्या गाडीमालक भाऊंना, नागपूरजवळच्या वाडीच्या गॅरेजकडून

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, मग सकाळी परत वाचला. तुम्ही लिहिलं की पाच दिवस गाडी उभी ठेवली, ३१ हजार घेतले, एकही सेन्सर नवीन टाकला नाही आणि आदिलाबादला पोचायच्या आधीच डॅशबोर्डवरची बिघाडाची लाईट वापस आली, पिकअप गेला. आणि हेही लिहिलं की बाहेर एक जण १५ हजारात युरियाच (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतो तो) बंद करून देत होता, त्याचंच ऐकायला पाहिजे होतं. राग येणारच ना भाऊ, सळईचा लोड भरलेली गाडी हायवेवर रखडली की मालकाचा जीव कसा होते ते मी घरात पाहिलं आहे, माझ्या वडिलांची पण गाडी होती. पण गाडीत नेमकं काय होतं ते तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नाही, त्यात माझीही चूक आहे, म्हणून इथेच सगळं लिहितो.

तुमची गाडी २०२१ ची, म्हणजे बीएस-६, धुराच्या कडक नियमावाली. इंजिन जाम झाल्यावर तुम्ही काबाडीतून त्याच मॉडेलचं इंजिन आणलं आणि दुसरीकडे बसवून घेतलं. बसवलं चांगलं होतं, ना तेल गळत होतं ना फालतू आवाज. घोळ सगळा वायरिंगचा. त्या इंजिनसोबत त्याच्या जुन्या गाडीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, अर्धं कापून आलं होतं आणि ते तुमच्या गाडीच्या हार्नेसला जोडलं होतं, वायरी पिळून वरून काळी टेप, ते पण टर्बोच्या बाजूला. मे महिन्यात नागपूरचं ऊन, त्यात टर्बोची झळ, टेपचा डिंक वितळून वायरी उघड्या पडल्या होत्या. त्याचे फोटो माझ्याकडे आहेत, तुमच्या ड्रायव्हरला दाखवले होते.

आता सेन्सर का नाही बदलला ते. स्कॅनरवर दोन्ही नॉक्स सेन्सरचे (धुरातला नायट्रोजनचा विषारी वायू मोजतात ते) कोड होते, 'संपर्क नाही' असे. असा कोड दिसला की बरेच जण सरळ नवीन सेन्सर टाकतात आणि तो सेन्सर स्वस्त नाही राहत. मी आधी वायर पाहिली. नॉक्स सेन्सर ईसीयूशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, निरोप नेणाऱ्या दोन वायरींवरून बोलते, त्या लाईनला कॅन म्हणतात (युरियाचा कॅन वेगळा), या दोन वायरी एकमेकीत पिळलेल्या असतात आणि दोन टोकांना १२०-१२० ओहमचा एक-एक रेझिस्टर असते, म्हणून बॅटरी काढून दोघींच्या मधात मीटर लावला की ६० च्या आसपास यायला पाहिजे. तुमच्या गाडीत ४० आले. ४० म्हणजे तीन रेझिस्टर. तिसरा कुठून आला म्हणून हार्नेस उकलत गेलो तर काबाडीच्या त्या तुकड्याच्या टोकाला त्याचा स्वतःचा रेझिस्टर तसाच राहिला होता, टेपच्या आत, बाहेरून दिसायला काहीच नाही. वरून जोडाजवळ हातभर वायर पीळ नसलेली. थंडी गाडी चालू केली की सगळं ठीक, अन् गरम होऊन लोडवर आली की सेन्सरचा निरोप मधातच गळून जायचा. सेन्सर दोन्ही चांगले होते भाऊ. चांगला सेन्सर काढून नवीन टाकणं आणि बिल फुगवणं मला जमलं असतं, तुम्हाला कळलंही नसतं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. इंजिन आणि चेसिसच्या मधातली जाड पट्टी रंगावरच कसून टाकली होती. सेल्फ मारताना मीटर लावून पाहिलं तर त्या एका जोडावरच पावणेदोन व्होल्ट खाल्ले जात होते. रंग घासून पांढरं लोखंड काढलं, नवीन थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) लावलं, मग ०.२ वर आलं. आणि तुमचा मूळ ईसीयू ठेवला म्हणून नवीन आलेल्या इंजेक्टरचे कोड त्यात भरावे लागले, त्याच्याशिवाय धूरही आटोक्यात येत नाही. पाच दिवसांतले दोन दिवस तर कपलरच्या पिना मागवण्यात गेले, त्या इथे भेटल्या नाहीत. ३१ हजारात ही सगळी मजुरी, पिळाची वायर, कपलर, पिना, थिंबल आणि स्कॅनिंग आहे. बिलावर मी नुसतं 'वायरिंग काम' लिहिलं, ते चुकलं. एक-एक गोष्ट लिहून द्यायला पाहिजे होती.

आता लाईट वापस का आली. तुमचा ड्रायव्हर वापसीत संध्याकाळी गाडी घेऊन आला होता, तुम्ही नव्हते. कोड पाहिला तर जुन्यातला एकही नव्हता, नवीन होता, युरियाच्या क्वालिटीचा. टाकीतला युरिया काढून काचेवर थेंब टाकून मोजला, ३२.५ टक्के पाहिजे तिथे २४ आला. म्हणजे पाणी. ड्रायव्हर म्हणाला की रस्त्यात सुट्टा कॅन घेतला होता, सील नव्हतं. असा पातळ युरिया गेला की नॉक्स कमी होत नाही, सेन्सरला ते कळते, आधी लाईट लागते आणि मग गाडी स्वतःच पिकअप कापते. मी ड्रायव्हरला टाकी खाली करायला सांगितलं, तो म्हणाला लोड आहे, गेला. मी तुम्हाला त्याच वेळी फोन करायला पाहिजे होता, केला नाही. आणि पहिल्यांदा गाडी देतानाच युरिया तपासायला पाहिजे होता, तेव्हाच तपासला असता तर रस्त्यात सुट्टा घेऊ नका हे बोलणंही झालं असतं. टेस्टसाठी पण मी गोंडखैरीपर्यंत खाली गाडी नेऊन आणली, लोडवर नाही चालवली, कारण तुम्हाला घाई होती आणि मी पण मान हलवली. यापुढे लोडवर चालवल्याशिवाय गाडी सोडणार नाही, मालक कितीही घाई करो.

राहिला तो युरिया बंद करायचा विषय. माझ्याकडे पण दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते, अन् मी नाहीच म्हणतो. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या गाडीला बीएस-६ आहे तर ती गाडी तशीच राहायला पाहिजे. युरिया बंद करायला जो डबा लावतात तो सेन्सरच्या जागी बसून ईसीयूला सारखं खोटं सांगते, आत काही बिघडलं तर तुम्हालाही कळत नाही आणि माझ्यासारख्यालाही नाही. पकडली गेली तर प्रदूषणाच्या कलमात १० हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, लायसन्सही तीन महिने जाते. पण दंड राहू द्या. अमरावती रोडला रात्रभर गाड्यांची रांग असते, बाजूलाच वस्ती आहे, दुकानावरची पोरं त्याच हवेत झोपतात, माझी पोरगी पण तिथूनच शाळेत जाते. तिला खोकला झाला की मला तो धूर आठवते. हे काम मी नाही करणार, कोणी ५० हजार दिले तरी नाही.

त्या संध्याकाळच्या तपासणीचे तुमच्याकडून १२०० घेतले, ते वापस करतो, आजच. टाकी आणि लाईन खाली करून धुऊन देतो, मजुरी नाही, फक्त सीलबंद युरिया तुमचा. मग लोड घेऊन बुटीबोरीच्या पुढे जाऊन येऊ, तुम्ही स्वतः बसा, स्कॅनर मी तुमच्या हातात देतो. आरसी पण आणा, नवीन इंजिनचा नंबर आरसीवर चढला नसेल तर आरटीओत ते काम करून घ्या, पासिंगला तिथे अडकाल. सकाळी नऊच्या आधी या, उन्हाच्या आत होऊन जाईल, आणि ज्या कॅनमधून युरिया भरला तो फेकला नसेल तर तोही घेऊन या, त्यातला थेंब मला मोजून पाहायचा आहे.