बांध कोरा, बोअर मारा, गाव आहे तसं ठेवा

गावातली गरिबी अशी आपोआप टिकत नसते मंडळी, तिला जपावं लागतं. लोकांना उगाच वाटतं की पाऊस कमी, जमीन मुरमाड, सरकारचं लक्ष नाही म्हणून गाव गरीब. अहो, नगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे ना, तिथं कुठं धो धो पाऊस पडतो, तोच आपला अवर्षणग्रस्त पट्टा, तरी त्या लोकांना आपली गरिबी सांभाळता आली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला १८० च्या आसपास घरं, त्यातली १६८ दारिद्र्यरेषेखाली, म्हणजे काय भरभक्कम पाया होता बघा, आणि २०१० येईपर्यंत उरली किती, तर तीन. एवढा निष्काळजीपणा! आपल्या गावाचं असं होऊ नये म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो, पुस्तकी नाहीत, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम चालू आहे.

सुरवात बांधापासून करा. नांगरट करताना दरसाल वीतभर बांध कोरायचा, जास्त हाव करायची नाही, शेजारी पुण्याला कंपनीत असेल तर मात्र हातभर चालतो. कुणी विचारलं तर ट्रॅक्टरवाल्यावर ढकलायचं, तो परगावचाच असतो. आमच्या बांधावर एक बाभूळ आहे, माझ्या लहानपणी ती बरोब्बर बांधाच्या मधोमध होती, आता ती आमच्या वावरात चार फूट आत उभी आहे. माझ्या चुलत्यांचं म्हणणं की बाभूळ पहिल्यापासून तिथंच होती, आणि ते तसं खरंच आहे म्हणा, बाभूळ कुठं जाते.

मग शेजारी मोजणी आणतो, आपण हरकत घेतो, दगड रोवले जातात, रात्रीत दगड सरकतात आणि केस उभी राहते. केस उभी राहिली की अर्धं काम झालं. आमची एकोणीस वर्षं चालली. भांडणातली जमीन दीड गुंठा. तालुक्याला सकाळी एकच एसटी जायची त्यामुळे वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीने, बऱ्याचदा एकाच बाकावर, पण तोंडं दोन खिडक्यांकडे. एकदा चुलत्यांकडे सुट्टे नव्हते म्हणून शेजाऱ्याने त्यांचं तिकीट काढलं. ते पैसे परत द्यायचे राहिले की मुद्दाम दिले नाहीत यावर पुढं वेगळं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. त्या एकोणीस वर्षांत दोन्हीकडून वकिलाला जे गेलं त्यात दोन्ही वावरांना दगडी बांध घालून ठिबक झालं असतं. पण मग गरिबीचं काय?

सरकारने २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, गावातले तंटे गावातच मिटवायचे, वर बक्षीस. घाबरायचं कारण नाही, अशा वेळी ज्याची केस सगळ्यात जुनी त्यालाच समितीचा अध्यक्ष करायचं. आमचे चुलते होते.

आता जुन्या लोकांची एक वाईट खोड होती ती पूर्ण मोडून काढा. सावड म्हणायचे तिला, आज तू माझ्या खुरपणीला ये, उद्या मी तुझ्या, पैशाचा विषयच नाही. आणि इर्जिक तर त्याहून भयानक, एखाद्याचा बैल मेला किंवा घरात कुणी आजारी पडलं की सगळा शिवार आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचा, एका दिवसात नांगरून मोकळं, आणि त्याने फक्त जेवण घालायचं. म्हणजे माणूस अडचणीत आला आणि त्याला ना सावकाराकडे जाता आलं ना जमीन गहाण टाकता आली, काय अर्थ आहे याला? आता बरं झालंय, ट्रॅक्टरचा रेट ठरलेला आहे, ज्याच्याकडे पैसे त्याची पेरणी वेळेवर.

तरीपण अधूनमधून एकीची साथ येते. २०१६ ला वॉटर कप, म्हणजे श्रमदानाने पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, सुरू झाला तेव्हा वरुड, आंबेजोगाई आणि कोरेगाव असे तीनच तालुके होते, त्यात साताऱ्याकडचं वेळू पहिलं आलं, लोकांनी ४५ दिवस माती उपसली म्हणे. ती साथ पुढं आमच्याकडेही पोचली. अशा वेळी विरोध अजिबात करायचा नाही, उलट पहिल्या दिवशी सगळ्यात पुढं राहायचं. आमच्याकडे पहिल्या दिवशी तीनशे माणूस, नवीकोरी टिकाव-घमेली, डोक्याला टोप्या, हलगी, नारळ, आणि एक घमेलं अकरा जणांनी धरलेला फोटो. तो फोटो अजून निम्म्या गावाच्या डीपीला आहे. चौथ्या दिवशी मोजून सतरा जण राहिले. दोन मास्तर, शाळेची काही पोरं आणि बाकी सगळे खालच्या आळीतले, ज्यांच्या नावावर गुंठाभर रान नाही. म्हणजे डोंगराला पाणी मुरवायचे चर कोण खणतंय तर ज्यांना विहीरच नाही ते, आणि ज्यांच्या विहिरी त्या डोंगराच्या पायथ्याला आहेत ते पारावर बसून चराची खोली चुकलीय का बरोबर यावर चर्चा करतायत. मी स्वतः पारावर होतो, खोली खरंच जरा कमी वाटत होती.

ही व्यवस्था फार सुंदर आहे, हिला धक्का लावू नका. धक्का कसा लागतो ते सांगतो. ७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनिअर पुरंदरकडे गेले, खडी फोडणारी माणसं बघितली आणि नायगावात त्यांनी पाणी पंचायत काढली. नियम काय, तर पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळणार, डोई अर्धा एकर भिजेल एवढं, घरात माणसं कितीही असली तरी अडीच एकराच्या वर नाही, ऊस लावायचा नाही, आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऐकतानाच पोटात गोळा येतो की नाही? उद्या खालच्या आळीतला माणूस येऊन म्हणेल माझ्या वाट्याचं पाणी कुठाय, मग आपण चाळीस एकरवाल्यांनी करायचं काय, आणि चराची चर्चा करायला पारावर बसणार कोण?

एकीचा फार जोर वाढला तर अभ्यास दौरा काढा, हा रामबाण उपाय. ग्रामपंचायतीच्या खर्चाने गाडी करायची, हिवरे बाजार बघायचं, येताना शनी शिंगणापूर आणि शिर्डी. आम्ही गेलो होतो. तिथं त्यांनी नीट बसवून सगळं सांगितलं, की पोपटराव पवार एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे, पोरांनी आग्रह करून त्यांना सरपंच केलं, मग दारूबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. इथपर्यंत आमची माणसं माना हलवत होती. मग ते म्हणाले शेतीला बोअर मारायचा नाही, ऊस-केळी करायची नाही, दरवर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडायचा आणि त्यावर ठरवायचं यंदा काय पेरायचं. पाऊस कमी तर सगळ्यांचंच कमी. तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरली ना, पंख्याचा आवाज येत होता. मागून एक जण हळूच म्हणाला, 'जेवायची सोय कुठं केलीय?' गाडीत बसल्यावर एकमताने ठरलं की त्यांचं गाव वेगळं आहे, आपल्याकडे राजकारण फार. पोपटरावांना पुढं २०२० ला पद्मश्री जाहीर झाली, आम्ही स्टेटसला ठेवलं होतं, 'आम्ही स्वतः भेटलेलो'.

बोअर हा तर जीव की प्राण आहे. शेजाऱ्याने ३०० फूट मारला की आपण ४५०, मग तो ६००. विहीर असली की कशी चार लोकांना वाकून दिसते, कुणाची किती खाली गेली ते कळतं, लाज वाटते. बोअरचं तसं नाही, जमिनीखाली कोण कुणाचं पाणी ओढतंय काही पत्ता लागत नाही, त्यामुळे तोंडावर गोडी राहते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात खोल विहिरीची, त्यात बोअरही आलाच, मर्यादा ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट, त्याखाली शेतीसाठी जायला मनाई आहे. पण कायदा वर असतो आणि पाणी खाली, दोघांची गाठ कधी पडायची! मार्च लागला की टँकर येतो, टँकरच्या मागं बायका हंडे घेऊन पळतात, आणि टँकर सुरू केला म्हणून पुढाऱ्याचा फ्लेक्स लागतो. सगळ्यांचा फायदा आहे यात.

आता बायकांचं सांगतो, हे जरा कठीण प्रकरण आहे. पुरुषांची एकी मोडायला एक निवडणूक पुरते. बचत गट मोडत नाही लवकर. आमच्या ओसरीवरच महिन्याच्या पाच तारखेला बैठक असते, बारा जणी, महिन्याला शंभर रुपयांपासून सुरवात केलेली, उशिरा आली तर दहा रुपये दंड, आणि हा दंड खरंच घेतात हो, माझ्या आईने स्वतः घरातल्या घरात उशीर केला म्हणून दिलाय. आपापसात दोन रुपये शेकड्याने कर्ज फिरवतात, सावकार पाचाने देतो. शेळ्या झाल्या, शेवयांची मशीन झाली, एका पोरीच्या नर्सिंगची फी गेली, आणि या सगळ्यात गावाला एक फ्लेक्ससुद्धा दिसला नाही. शास्त्र असं सांगतं की बैठकीत नवऱ्याने शेजारी बसायचं आणि बायकोच्या नावावर कर्ज उचलून मोटारसायकल घ्यायची. मी प्रयत्न केला. यंदा बोअरसाठी साठ हजार हवे होते, सरळ रजिस्टर पुढं ओढलं. बायको म्हणाली, "अहो, सही माझी आहे. आणि बोअरला पैसे द्यायचे नाहीत असा ठराव झालाय मागच्याच महिन्यात, सूचक तुमची आई." बघा म्हणजे, पाणी पंचायत कुठून कुठं पोचली.

असो, तरी निराश व्हायचं नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव घालायला आपल्याकडे अजून चढाओढ आहे, गावातली ही एकच रेषा जिच्या खाली जायला लोक वशिला लावतात, आमच्याकडे दोन ट्रॅक्टरवाला माणूस त्यात आहे आणि मोलमजुरी करणारी एक विधवा बाई नाही, तिच्याकडे कागद नव्हते. यादी दुरुस्त करायला ग्रामसभा बोलावली की कोरम होत नाही. हनुमान जयंतीच्या डीजेची वर्गणी मात्र एका संध्याकाळी जमते, घरटी पाचशे, कुणी नाही म्हणत नाही, हिशोब चोख. म्हणजे एकत्र यायला आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये.

बरं, जास्त लिहित नाही, गाडी आलीय बोअरची. पैसे शेवटी सावकाराकडून उचलले, पाच रुपये शेकडा. रात्रीचे अकरा वाजलेत, ५२० फुटांवर आहे, नुसता पांढरा भुगा उडतोय, सगळं वावर पिठासारखं झालंय, बाभळीवर पण थर बसलाय. बांधाच्या पलीकडे शेजारी बॅटरी घेऊन उभा आहे मघापासून. दर पाच मिनिटांनी ओरडून विचारतो, "लागलं का?" मी म्हणतो नाही. मग जरा वेळ शांत राहतो बिचारा, समाधानाने. परवा त्याच्याकडे येणारे हीच गाडी, ८०० ला सांगितलंय म्हणे, मी पण सेल भरून ठेवलेत बॅटरीत.