रोज ३० कठीण शब्द पाठ करून इंग्रजी पक्कं होत नाही

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘रोज ३० कठीण इंग्रजी शब्द मराठी अर्थासह पाठ करा. वर्षात १०,००० शब्द होतात, मग इंग्रजीत तुम्हाला कोणी अडवू शकत नाही.’ दादरच्या क्लासपासून बोरिवली लोकलपर्यंत मुलं अशा याद्या घोकताना दिसतात. त्यांच्या कष्टांची किंमत आहे, म्हणूनच ते कुठे वाया जातात हे सांगायला हवं.

आधी हिशेब. ३० गुणिले ३६५ म्हणजे १०,९५०, हे बरोबर. पण यात उजळणी धरलेलीच नाही. पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडलं होतं. शब्द टिकवायचा तर साधारण १, ३, ७, १६ आणि ३५ दिवसांनी तो पुन्हा आठवून पाहावा लागतो. म्हणजे महिनाभरानंतर रोजचे ३० नवे आणि १५० जुने. प्रत्येकाला अर्धं मिनिट दिलं तरी दीड तास! इथेच वही बंद पडते. प्रत्येक शब्दाचं एक छोटं कार्ड करून रोज ८ नवे शब्द घेतले, तर जुन्यांसह ४८ कार्डं, २४ मिनिटं. बोरिवलीहून चर्चगेटला पोचेपर्यंत आरामात होतात.

‘कठीण’ म्हणजे ‘प्रगत’ हा तर मोठाच गैरसमज. याद्यांत ‘पल्क्रिट्यूड’ (सौंदर्य) यासारखे शब्द असतात, जे वर्षभर पेपर वाचूनही क्वचितच भेटतील. याउलट भाषातज्ज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली काढलेल्या शैक्षणिक यादीत फक्त ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि अभ्यासाच्या पुस्तकांतला सुमारे १० टक्के मजकूर त्यांनीच व्यापलेला असतो. अझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट हे त्यातलेच. ओळखीचे वाटतात, पण लिहायला घेतलं की अडतं. परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेने ऑगस्ट २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. तरी त्या काळच्या याद्या अजून वाटल्या जातात.

मराठी अर्थ पुरेसा आहे का? पहिल्या ओळखीला जरूर लिहावा, त्यात कमीपणा नाही. पण तेवढ्यावर शब्द वापरता येत नाही. ‘मिटिगेट’ म्हणजे ‘तीव्रता कमी करणे’, इतकंच पाठ असलेला मुलगा ‘मिटिगेट द प्राइस’ लिहून मोकळा होतो. हे क्रियापद रिस्क, इम्पॅक्ट, डॅमेज यांच्याबरोबर येतं. त्याच्यापुढे ‘अगेन्स्ट’ लावणं हीसुद्धा नेहमीची चूक, ते ‘मिलिटेट’ (विरोधात जाणे) या वेगळ्याच क्रियापदाचं. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला पेपरातलं अख्खं वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रेघ ओढा. मागे शब्द, मराठी अर्थ, सोबत येणारी दोन नामं आणि स्वतःचं एक वाक्य.

शब्दांचे मूळ धातू पाठ केले की नव्या शब्दाचा अर्थ ओळखता येतो, असंही सांगतात. आहार, विहार, प्रहार, संहार एकाच धातूचे आहेत, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अर्थ लागतो का? ‘पेडेस्ट्रियन’मध्ये पाय आहे, ‘पीडिअ‍ॅट्रिशियन’मध्ये मूल. धातूमुळे शिकलेला शब्द लक्षात राहायला मदत होते. नव्याचा अंदाज मात्र अनेकदा फसतो.

मग शब्द आणायचे कुठून? एकच विषय धरून दोन आठवडे वाचा. जून-जुलैत मुंबईच्या इंग्रजी पेपरांत हिंदमाताचं पाणी आणि मिठी नदीचा गाळ हे विषय हटकून येतात. डिसिल्टिंग, इनन्डेट, कॅचमेंट, मिटिगेट हे शब्द बातमीत, अग्रलेखात, वाचकांच्या पत्रांत पुन्हापुन्हा भेटतात, दरवेळी वेगळ्या शेजाऱ्यांसोबत. उजळणी आपोआप होते. एका दिवसात आठपेक्षा जास्त नवे शब्द भेटले तर दुसऱ्यांदा दिसलेलेच कार्डावर घ्या, बाकीचे सोडून द्या. आणि एखादं कार्ड तीनदा अडलं, तर ते घोकत बसू नका. बहुतेक वेळा वाक्यातूनच शब्दाचा नीट सुगावा लागत नसतो. ते कार्ड फाडा आणि त्या शब्दासाठी दुसऱ्या बातमीतलं नवं वाक्य उतरवा.