गणपती एकच राहू दे, सातबारा वेगळा करा

आमचं गाव राजापूर तालुक्यात. गेल्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला, तो गावीच असतो, कातळाखालच्या पडीक जमिनीत काजू लावायचा म्हणतोय, वेंगुर्ला 4 आणि 7 या जातींची कलमं. सरकारी योजनेतून करायचं तर सहहिस्सेदारांची संमती लागते आणि आमच्या त्या सातबारावर नावं आहेत 37. त्यातली 11 माणसं कधीच वारली, वारस नोंद नाही, दोन घरं बडोद्याला आणि एक काका कुठे आहेत हे भावकीत कुणालाच सांगता येत नाही.

कोकणात काही पिकत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. हापूसला 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, काजू आहे, कोकम आहे, 1998 पासून रेल्वे दारात आहे. पण गाव चाललं ते मुंबईच्या मनिऑर्डरवर. आजोबा गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर घरी पैसे येणं बंद झालं तेव्हा आजीने आंब्यावर घर चालवलं, आणि ती कलमंसुद्धा आज सामाईकच आहेत. ज्याच्या नावावर स्वतंत्र तुकडा नाही तो पोरगा कर्ज कशावर काढणार? मग तोही मुंबईची गाडी पकडतो, आणि मग कधीतरी कोणीतरी एजंट येतो, सगळ्या हिस्सेदारांना आणि वारसांना शोधून काढतो (त्याला बरोबर सापडतात!) आणि अख्खा डोंगर विकला जातो.

वाटपाचा विषय काढला की म्हातारी माणसं गप्प होतात. कारण मला माहितीये. मूळ घरात आमचा एकच गणपती बसतो, पाच दिवस साठ-सत्तर माणसं एका पंगतीला, रात्री जाखडी नाच, शिमग्याला पालखी त्याच खळ्यात नाचते. जमीन वाटली की चुली वाटल्या, चुली वाटल्या की गणपती वेगळे होणार ही भीती आहे आणि ती खोटी नाही, शेजारच्या वाडीत झालंय तसं. पण भांडून कोर्टात गेलेलं वाटप वेगळं आणि सगळ्यांनी संमतीने तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली केलेलं वेगळं. गडगे (दगडी बांध) वेगळे घाला ना, पण मखर एकच राहू दे. आणि हो, आत्यांना हक्कसोडीवर सही करायला लावू नका, त्यांचा हिस्सा त्यांना द्या, चवथीला ओवसा (गौरीची सुपं) घेऊन त्याच घरी येतात.

यावर्षी तिसऱ्या दिवशी आरती झाल्यावर खळ्यात बसायचं ठरवलंय. मी सातबारा आणि आठ-अ चे उतारे ऑनलाइन काढून ठेवलेत, वंशावळ वहीत लिहायला घेतलीये, पणजोबांच्या धाकट्या भावाच्या फांदीशी अडकलोय. बडोद्याच्या काकूंनी येते म्हणून सांगितलंय, बावीस वर्षांनी.