नऊ प्रश्नांवर डिप्रेशनचं निदान होत नाही

पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा एक मेसेज: ‘पीएचक्यू-9 घरीच भरा. 10 गुण आले की डिप्रेशन नक्की. डॉक्टर तरी गप्पाच मारतात, आणि घरच्यांना मध्ये आणायची गरज नाही.’ डिप्रेशनची लक्षणं मोजणारी ही प्रश्नावली खरी आहे, पण पुढचं सगळं चुकीचं.

‘10 गुण म्हणजे डिप्रेशन.’ नऊ प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 27, तेही फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल. 10 चा अर्थ एवढाच की आता नीट तपासायला हवं. झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांचे गुण थायरॉइड मंदावला किंवा बी-12 कमी असलं तरी चढतात. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्याची झोप तशीही बिघडलेलीच असते.

‘डॉक्टरांची मुलाखत म्हणजे गप्पा.’ सगळ्यात घातक गैरसमज हाच. सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा सांगतो, मध्यंतरी तीनच तास झोपायचो. त्याला पुढे विचारावं लागतं: झोप येत नव्हती, की गरजच वाटत नव्हती? दुसऱ्या दिवशी अंग मोडून यायचं, की उलट तरतरी असायची? तरतरी असेल तर असं सलग किती दिवस चाललं? बोलणं, खर्च वाढला होता का? इतरांच्या लक्षात आलं का? सलग चार दिवस असं असेल तर हायपोमेनियाची (सौम्य तेजीच्या काळाची) शंका घ्यावी लागते, म्हणजे आजची उदासी बायपोलर आजारातली असू शकते, ज्यात तेजी आणि उदासी दोन्हीचे काळ येतात. अशा वेळी नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर पेशंट उसळून मेनियात, म्हणजे तीव्र तेजीत, जाऊ शकतो. प्रश्नावलीत यातलं काहीच विचारलेलं नाही.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘उदास वाटतं ना?’ म्हटलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो. म्हणून आधी ‘काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा’, आणि मग क्रम: आधी दारू वाढली की आधी मन खचलं? दारू आधी असेल तर ती सुटल्यावर साधारण महिनाभराने पुन्हा बघावं लागतं.

‘घरचे नकोत.’ तेजीचा काळ पेशंटला चांगलाच वाटलेला असतो, तो आपणहून सांगत नाही. आईला किंवा बायकोला तो आठवतो. म्हणून पेशंटच्या संमतीने त्यांच्याशी बोलायचं. पण काही वेळ पेशंटशी एकट्यानेच, कारण घरातली मारहाण घरच्यांसमोर सांगता येत नाही.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे 0 सोडून काहीही असेल तर बेरीज करत बसू नका, एकूण 6 आली तरी. थेट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रंदिवस चालू असतो, पण जिवाला लगेच धोका वाटला तर माणसाला एकटं न सोडता तडक ससूनला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा.