रामास्वामी, व्हाइट हाउस आणि मावशीचा एक डॉलर

सप्टेंबर २०२३. विवेक रामास्वामींवरचा एक व्हॉट्सअॅप मजकूर गेला महिनाभर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मी गप्प होतो. परवा मावशीने तो न्यू जर्सीतल्या आपल्या मुलाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'आपल्या माणसासाठी एक डॉलर तरी पाठव रे, नाही म्हणू नकोस.' मुलगा एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. आता गप्प बसून चालणार नाही.

ज्यांनी तो अजून वाचलेला नाही (असे कोणी उरले असतील तर), त्यांच्यासाठी गोषवारा. मथळा 'अमेरिकेच्या सिंहासनावर हिंदू सुपुत्र!', शेजारी दोन्ही देशांचे झेंडे आणि जोडलेले हात. मग दावे असे: विवेक रामास्वामी (भारतीय वंशाचे उद्योजक, २०२४च्या निवडणुकीसाठी रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटाचे इच्छुक) पुढचे राष्ट्राध्यक्ष होणार हे अमेरिकन मीडियानेच मान्य केलंय, ट्रम्प तुरुंगात जाणार, म्हणून तिकीट आपोआप यांना, इलॉन मस्कचा पाठिंबा जाहीर, हिंदू राष्ट्राध्यक्ष आला की भारतीयांचे व्हिसा आणि ग्रीन कार्ड झटपट, आणि म्हणून सोबतच्या लिंकवर अमेरिकेतल्या मुलांनी किमान एक डॉलर द्यावा.

आता एकेक घेऊ.

'अमेरिकन मीडियानेच मान्य केलंय.'

मान्य केलेलं नाही, चघळलंय. २३ ऑगस्ट २०२३ला मिल्वॉकीत रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुकांचा पहिला वादविवाद झाला. मंचावर आठ जण, आणि निम्म्या पक्षाचा पाठिंबा ज्यांच्या खिशात होता ते ट्रम्प आलेच नाहीत. चॅनेलवाल्यांपुढे प्रश्न पडला की दोन तास दाखवायचं कोणाला? अडतीस वर्षांचा, फाडफाड बोलणारा, कुठल्याही मुलाखतीला नाही न म्हणणारा, आयोवाच्या जत्रेत एमिनेमचं रॅप म्हणणारा माणूस त्यांना आयता मिळाला. मंचावरच्या इतर इच्छुकांपैकी क्रिस क्रिस्टींनी त्यांची तुलना चॅटजीपीटीशी केली, माइक पेन्स यांनी नवशिका म्हणून हिणवलं, निकी हेलींनी 'तुम्हाला परराष्ट्र धोरणाचा अनुभव नाही आणि ते दिसतंय' असं तोंडावर सुनावलं. दुसऱ्या दिवशी जिथे तिथे हाच चेहरा. गुगलवर त्या रात्री सर्वाधिक शोधलं गेलेलं नाव त्यांचंच, हेही खरं. पण हा कोण बुवा, असा प्रश्न पडला की लोक नाव शोधतात. ट्रम्प कोण हे कोणाला शोधावं लागत नाही.

त्याच वादविवादानंतर वॉशिंग्टन पोस्ट, निवडणुकांचे आकडे मांडणारी फाइव्हथर्टीएट आणि चाचण्या घेणारी इप्सॉस यांनी मिळून तो पाहणाऱ्या रिपब्लिकन मतदारांना विचारलं. कोण उत्तम बोललं, यावर २९ टक्क्यांनी फ्लोरिडाचे तेव्हाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस म्हटलं, २६ टक्क्यांनी रामास्वामी. रामास्वामी आवडले म्हणणारे वाढले, पण आवडले नाहीत म्हणणारे १३ टक्क्यांवरून ३२ वर गेले. हा दुसरा आकडा एकाही फॉरवर्डमध्ये नाही.

हे असं का होतं, यावर नीट काम झालेलं आहे. जॉन साइड्स आणि लिन वाव्रेक या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१२च्या अमेरिकी निवडणुकीतल्या बातम्या आणि जनमत चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी मीडियाला उमेदवार 'सापडतो': काहीतरी नवं घडतं, बातम्या वाढतात आणि बातम्यांपाठोपाठ चाचण्यांतला आकडा चढतो. आकडा चढला की चौकशी सुरू होते, जुनी भाषणं आणि जुने व्यवहार बाहेर निघतात. मग उतरण. २०११च्या उन्हाळ्यापासून हे रिपब्लिकन इच्छुकांच्या बाबतीत ओळीने घडलं. पक्षाचा उमेदवार ठरवायचं पहिलं मतदान आयोवा राज्यात होतं. मिशेल बाकमन यांनी ऑगस्टमध्ये तिथल्या एम्स गावची नमुना निवडणूक जिंकली आणि जानेवारीत खऱ्या मतदानात त्या सहाव्या आल्या. टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी उतरले तेच पहिल्या क्रमांकावर, आणि नोव्हेंबरमध्ये आपण कोणती तीन खाती बंद करणार त्यातलं तिसरं त्यांना भर मंचावर आठवेना. मग हर्मन केन. पिझ्झा कंपनीचे माजी प्रमुख, आयुष्यात एक निवडणूक न जिंकलेले, बोलायला गोड. ऑक्टोबरमध्ये आघाडीवर, डिसेंबरच्या सुरुवातीला घरी. या सगळ्या काळात ज्यांच्याबद्दल कोणी उत्साहाने बोलत नव्हतं त्या मिट रॉम्नींना तिकीट मिळालं.

डेमोक्रॅट याला अपवाद नाहीत. २०१९च्या जूनमधल्या वादविवादात कमला हॅरिस यांनी बायडन यांना कोंडीत पकडलं, आकडे झपाट्याने वर गेले, आणि ३ डिसेंबरला त्यांनी माघार घेतली. आयोवातलं मतदान पाहायलासुद्धा त्या शर्यतीत नव्हत्या.

रामास्वामींच्या बाबतीत दुसरा टप्पा, म्हणजे चौकशीचा, सुरू झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या विमानांत सरकारी माणसं किती होती, असा प्रश्न त्यांनी अटलांटिक मासिकाशी बोलताना काढला. छापून आल्यावर म्हणाले, माझे शब्द चुकीचे दिले. मासिकाने ध्वनिफीतच जाहीर केली. शब्द त्यांचेच होते.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. हा ठोकताळा दर वेळी लागू पडतो असं नाही. ओबामांची हवा झाली आणि ते निवडून आले. २०१५मध्ये ट्रम्प यांची भरपूर चौकशी झाली आणि त्यांचा आकडा हललासुद्धा नाही. रामास्वामी फेब्रुवारी २०२३मध्ये एक टक्क्याच्याही खाली होते, तिथून दहाच्या आसपास पोचले, हे काही थोडंथोडकं नाही. सप्टेंबर २०२३मधल्या सीएनएनच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या चाचणीत तर ते दुसरे होते. पहिले ट्रम्प ३९, दुसरे हे १३. शर्यतीत दुसरा असणं आणि पहिल्याच्या एक तृतीयांश असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, पण फॉरवर्डमध्ये जागा एकीलाच मिळते.

मराठी माणसाला याचं घरचं उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) उतरले. स्वतःचे लाखो डॉलर ओतून टीव्हीवर जाहिरातींचा धडाका लावला आणि सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते पुढेही होते. तेव्हाही आपल्याकडे 'पहिला मराठी गव्हर्नर' म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते. ऑगस्टमध्ये मतं मोजली तेव्हा ते तिसरे आले. पुढे त्यांनी आधी राज्याच्या विधिमंडळाची जागा जिंकली, मग डेट्रॉइटमधून काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची. एकेक पायरी चढत गेले, तेव्हा त्यांच्यावर एकही फॉरवर्ड आला नाही.

'ट्रम्प तुरुंगात, तिकीट यांना.'

असं आपोआप काही होत नसतं. सप्टेंबर २०२३पर्यंत चार खटले आणि ९१ आरोप होऊनही ट्रम्प यांची आघाडी कमी झाली नाही, वाढली. दोषी ठरलेला माणूस उभा राहू शकत नाही असं त्यांच्या राज्यघटनेत कुठेही नाही. १९२०मध्ये समाजवादी पक्षाचे युजीन डेब्ज अटलांटाच्या तुरुंगात बसून राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले आणि त्यांना नऊ लाखांवर मतं पडली. शिवाय रामास्वामी स्वतः काय म्हणत होते? मी निवडून आलो तर ट्रम्पना माफी देईन. ज्याच्या पडण्यावर आपली आशा आहे त्यालाच कोणी सावरत नाही. हे वागणं प्रतिस्पर्ध्याचं कमी आणि ट्रम्प सरकारात पुढे काहीतरी मिळावं म्हणून थांबलेल्या माणसाचं जास्त वाटतं. हा माझा अंदाज, चूक ठरला तर ठरू दे.

'मस्कचा पाठिंबा.' मस्क त्यांना 'आशादायक उमेदवार' म्हणाले. पाठिंबा दिला नव्हता. पुढे चला.

'हिंदू राष्ट्राध्यक्ष.'

ते हिंदू आहेत आणि ते लपवत नाहीत, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. बॉबी जिंदाल आणि निकी हेली यांनी धर्म बदलला, यांनी तसं केलं नाही. पण आयोवात १५ जानेवारी २०२४ला शाळांच्या हॉलमध्ये आणि चर्चमध्ये बसून जे मत देणार होते, त्या रिपब्लिकन मतदारांत २०१६मध्ये दर तिघांतले जवळजवळ दोघे स्वतःला इव्हँजेलिकल ख्रिश्चन (बायबलला प्रमाण मानणारे धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट) म्हणवत होते. त्यांनी काहीही केलं तरी कोथरूडच्या ग्रुपवरचे जोडलेले हात तिथे मोजले जात नाहीत. अमेरिकेतले भारतीयही तिथे फार कामाला येणार नव्हते, कारण ते बहुतांश दुसऱ्या पक्षाचे. कार्नेगी या अमेरिकी अभ्याससंस्थेच्या २०२०च्या पाहणीत ७२ टक्के बायडनना मत देणार होते, २२ टक्के ट्रम्पना.

आणि भारतीय रक्ताचाच अभिमान असेल तर त्याच मंचावर रंधावांच्या घरातली निकी हेली उभी होती. दोनदा गव्हर्नर, संयुक्त राष्ट्रांत राजदूत. तिच्यासाठी झेंडे आणि जोडलेले हात का नाहीत, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं.

'व्हिसा आणि ग्रीन कार्ड झटपट.'

इथे मात्र मला राग येतो, कारण या एका ओळीवर खरी माणसं आशा लावून बसतात. रामास्वामी याबद्दल बोललेले आहेत आणि ते पॉलिटिको या अमेरिकी वृत्तपत्राने सप्टेंबर २०२३मध्ये छापलंय. एच-वन-बीच्या तेव्हाच्या पद्धतीला ते वेठबिगारी म्हणाले आणि ती मोडीत काढणार म्हणाले. त्याच बातमीत हेही आहे की त्यांनी काढलेल्या रॉयव्हंट या औषध कंपनीने २०१८ ते २०२३ या काळात याच व्हिसासाठी २९ मंजुऱ्या घेतल्या. फेब्रुवारी २०२३पर्यंत ते त्या कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते.

हे व्हिसा लॉटरी काढून वाटायची तेव्हाची पद्धत वाईट होती, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. २०२३मध्ये ८५ हजार जागांसाठी सुमारे ७ लाख ८० हजार नोंदी आल्या. एकेका माणसाच्या नावावर अनेक कंपन्यांच्या नोंदी, आणि नशीब काढणारा संगणक. लॉटरीऐवजी गुणवत्ता, असं ते म्हणाले. ऐकायला छान आहे. पण त्याच दमात ते असंही म्हणाले की कुटुंबीय म्हणून येणारे लोक गुणवत्तेवर आलेले स्थलांतरित नसतात. म्हणजे मावशी, तू. उद्या मुलगा तिकडचा नागरिक झाला आणि त्याने तुला कायमचं बोलावून घ्यायचं ठरवलं, तर ज्या दाराने तू जाशील ते दार हा 'आपला माणूस' बंद करायला निघाला होता. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्वही त्याला थांबवायचं होतं.

बरं, समजा मन बदललं. तरी व्हिसाची संख्या राष्ट्राध्यक्ष ठरवत नाही. ८५ हजारांची मर्यादा काँग्रेसच्या कायद्यातली आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीय वर्षानुवर्षं तिष्ठतात, कारण कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, आणि तेही कायद्यातच आहे. तो कायदा बदलायचे प्रयत्न अनेकदा झाले आणि काँग्रेसमध्येच अडकले.

'किमान एक डॉलर द्या.'

हे सगळ्यात वाईट. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या माणसाला तिथल्या कोणत्याही निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही. राष्ट्राध्यक्षपदाची असो, राज्याची असो की गावच्या नगरपालिकेची. एक डॉलरसुद्धा नाही. एच-वन-बीवाला, विद्यार्थी व्हिसावाली भाची, सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला गेलेले आजी-आजोबा, सगळे यात येतात. देणगीच्या फॉर्मवर 'मी नागरिक किंवा कायमचा रहिवासी आहे' अशी चौकट असते आणि लोक ती न वाचता टिचकी मारतात. ज्याची फाइल इमिग्रेशनकडे पडून आहे त्याने आपल्या नावाने खोटं लिहून द्यायचं, आणि कशासाठी, तर सोसायटीच्या ग्रुपवर कोणी गहिवरलं म्हणून.

एकच डॉलर का, त्यालाही कारण आहे. वादविवादात उभं राहायचं तर पक्षाने २०२३मध्ये देणगीदारांची किमान संख्या घातली होती: पहिल्या वेळी ४० हजार, २७ सप्टेंबरच्या दुसऱ्या वेळी ५० हजार. रक्कम कितीही चालायची, डोकी मोजायचे. म्हणून तर नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम एका डॉलरच्या बदल्यात वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड वाटत होते. रामास्वामींनी जुलैत वेगळीच शक्कल काढली: जो त्यांच्यासाठी देणग्या गोळा करील त्याला गोळा केलेल्या रकमेवर दहा टक्के कमिशन. योजना उघड होती, चोरून काही नाही. पण मग देणगीची लिंक पुढे ढकलणारा प्रत्येक जण धर्मप्रेमानेच ढकलतो, असं धरून चालू नका.

माझ्या मावसभावाने पैसे पाठवलेले नाहीत, त्याने आईच्या मेसेजवर फक्त अंगठ्याचं चित्र टाकलं. ज्यांच्या मुलांनी पाठवले असतील त्यांनी मुलांना आजच प्रचार कार्यालयाला ईमेल करायला सांगावं: मी नागरिक नाही, ग्रीन कार्ड नाही, पैसे परत करा. देणगी बेकायदा आहे हे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करणं प्रचार कार्यालयाला बंधनकारक आहे.