सूचनाफलकावरचं गाणं

थंडी पडायला लागली की संगीत महोत्सवांची पत्रकं फोनवर यायला लागतात. कोण गाणार, तिकीट किती, पार्किंग कुठे. शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर तेच पत्रक चार-चारदा फिरतं. याच दोन-तीन महिन्यांत आपल्याच गावातल्या विद्यापीठाच्या संगीत विभागातही कार्यक्रम होत असतात. एम.ए.च्या मुलांची मंचप्रदर्शनं असतात, बाहेरून आलेल्या एखाद्या बुजुर्गांचं सप्रयोग व्याख्यान, म्हणजे गाऊन-वाजवून दाखवत केलेलं व्याख्यान, असतं, तबल्याच्या वर्गाचं एकलवादन असतं. प्रवेश मोफत. त्यातल्या एकाही कार्यक्रमाचं पत्रक मला आजवर कुणी पाठवलेलं नाही. आज त्यावरच लिहायचं आहे, आणि लांब लिहिणार आहे.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले. लहानपणी संध्याकाळी आजीबरोबर सुरसागरच्या काठाने चालायला जायचे, तेव्हा संगीत महाविद्यालयाच्या खिडक्यांतून एकाच वेळी तीन-तीन आवाज रस्त्यावर यायचे. एका खोलीत कुणी भूप राग घोटतंय, दुसरीत तबल्याचा कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, आणि मधूनच घुंगरांची लय. आजी गाणं शिकलेली नव्हती, तरी ती कठड्याला हात टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "थांब गं, त्या मुलीची तान पुरी होऊ दे, मग जाऊ."

ही संस्था १८८६ सालची. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी मौलाबक्षांच्या हाताखाली बडोद्यात गायनशाळा सुरू केली. त्या काळात गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी राहा, सेवा करा, आणि त्यांच्या मनात येईल तेव्हा शिका, हीच रीत होती. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, म्हणजे चीज (बंदिश) कागदावर उतरवता येऊ लागली आणि वर्गात दहा मुलांना एकदम शिकवता येऊ लागली. त्यांचे नातू इनायत खाँ बडोद्यातच जन्मले, १९१० साली परदेशी गेले, आणि पुढे जगाने त्यांना सूफी गुरू म्हणून ओळखलं. नाशिककडच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गाणंही शाळेत शिकवावं, हा विचार त्याच माणसाचा. मला हे दोन निर्णय एकाच कापडाचे वाटतात.

दरबारातही कलावंत होतेच. त्यांच्यासाठी 'कलावंत कारखाना' नावाचं रीतसर खातं होतं, त्याचे नियम होते, पगार होते. सयाजीरावांच्या पहिल्या महाराणी तंजावरच्या मराठा घराण्यातल्या. १८८० साली त्या लग्न होऊन आल्या आणि त्यांच्याबरोबर तंजावरचं नृत्यही या गावात आलं. फैयाज खाँसाहेब इथले दरबारगायक, आणि त्यांचं निधनही इथेच झालं, १९५० मध्ये. गायिका हिराबाई बडोदेकरांनी तर गावाचं नाव आडनावासारखं लावलं. मार्च १९१६ मध्ये संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती बडोद्यातच. उस्ताद आणि पंडित, गाणारे आणि लिहिणारे एका मंडपात बसून रागांवर, श्रुतींवर (सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांवर) बोलले. भातखंड्यांचे शिष्य रातंजनकर फैयाज खाँसाहेबांकडे शिकायला मुंबईहून बडोद्याला आले, पुढे लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि नंतर खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, हंसा मेहता कुलगुरू झाल्या आणि गायनशाळेचं हे रोप विद्यापीठाच्या अंगणात वाढलं.

एवढं सगळं सांगितलं ते बडोद्याचा मोठेपणा मिरवायला नाही. विद्यापीठातला संगीत विभाग म्हणजे काय, हे इथे स्वच्छ दिसतं म्हणून सांगितलं. दरबारातलं गाणं दरबाऱ्यांनी ऐकायचं. उस्तादाच्या घरातलं गाणं घरातल्यांनी. गायनशाळा निघाली तेव्हा पहिल्यांदा ते गावाच्या मालकीचं झालं. शिकणाऱ्यांची सोय झालीच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ऐकणाऱ्यांनाही दार उघडलं. आणि त्या दारातून आपण आत जात नाही.

नोकरीमुळे मी काही वर्षं दुसऱ्या एका शहरात होते. शहराचं आणि विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ऑफिसातल्या एका मुलीची बहीण तिथल्या संगीत विभागात एम.ए. करत होती, म्हणून तिच्या मंचप्रदर्शनाला गेले. दीडशे खुर्च्यांचं सभागृह आणि ऐकायला आम्ही अकरा जण. त्यातले पाच तिचे वर्गमित्र, दोन परीक्षक, एक तिचे वडील. वडील गावाहून एस.टी.ने आले होते आणि पिशवी मांडीवर धरून बसले होते.

मुलीने पूरिया धनाश्री राग घेतला. विलंबित एकताल, म्हणजे संथ लयीतला बारा मात्रांचा ताल. आवाज सुरेल होता, जरा घाबरलेला. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात (तालाच्या फेऱ्यात) ती चुकली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: एकतालाच्या ठेक्यात, म्हणजे तबल्यावर वाजणाऱ्या ठरलेल्या बोलांत, 'धागे तिरकिट' दोनदा येतं, एकदा तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि एकदा नवव्या-दहाव्या मात्रेला. दुसऱ्या तिरकिटानंतर 'धी ना' आणि मग सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. तिने पहिलं तिरकिट ऐकलं, ते दुसरंच आहे असं समजली, मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची सुरुवात, उचलला आणि थेट सातव्या मात्रेवर येऊन उतरली. तिथे सम नव्हती. तबल्यावर तिच्याच वर्गातला मुलगा होता. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठेका तसाच चालू ठेवला, फक्त पुढचं धागे तिरकिट जरा भरीव, मोकळं वाजवलं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. ती पंचमावर, म्हणजे 'प' या सुरावर, थांबली, अगदी शांत, पुढचं अख्खं आवर्तन तिने त्या पंचमाभोवती नुसती छोटी-छोटी वळणं घेत घालवलं, आणि मग मुखडा असा घेतला की सम आली तेव्हा आमच्या अकराही माना एकदम हलल्या. तिच्या वडिलांची सुद्धा. आणि त्यांना तालातलं काही कळत नव्हतं, हे नंतर चहा पिताना त्यांनीच सांगितलं.

मोठमोठ्या मैफली मी पुष्कळ ऐकल्या आहेत. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात पहाटेपर्यंत बसले आहे. पण चूक होणं, ती सावरली जाणं, आणि साथीदाराने ती कशी सावरायला मदत केली, हे इतक्या जवळून मी तिथेच पाहिलं. मोठे कलाकारही सावरतात, पण इतक्या सफाईने की आपल्याला पत्ता लागत नाही. शिकणाऱ्याचं गाणं ऐकलं की गाण्याचा सांगाडा दिसतो. मला एकताल त्या संध्याकाळी कळला, पुस्तकातून कळला नव्हता.

आणि दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात अकरा माणसं. का?

त्या विद्यापीठात मी नंतर जात राहिले म्हणून कारणं माहीत आहेत. कार्यक्रमाची सूचना विभागाच्या फलकावर लागायची, तीही आदल्या दिवशी दुपारी. विभागात जो येतो तोच वाचणार. एकदा फेसबुकवर पोस्ट आली ती कार्यक्रम झाल्यावर, हारतुऱ्यांच्या फोटोंसकट. पत्रिकेवर प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, अध्यक्ष यांची नावं ठळक, आणि गाणाऱ्या मुलांची नावं तळाला बारीक अक्षरात, किंवा नुसतंच 'विभागाचे विद्यार्थी'. वेळ पाचची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं, आणि गाणं सुरू व्हायचं पावणेसातला. ज्या मुलीने आठ महिने एक राग घोटला तिला मिळायची वीस मिनिटं, आणि पाहुणे तोवर दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेलेले असायचे. मला याचा संताप येतो. तेव्हा यायचा आणि आजही येतो. पाहुण्यांचा मान ठेवावा, पण मुलांच्या वेळेतून ठेवू नये.

पण दोष काय फक्त विभागाचा? आपण तरी कधी विचारतो? गावात नवीन मॉल झाला की पहिल्या आठवड्यात जाऊन येतो. विद्यापीठात संगीत विभाग आहे हे तरी किती जणांना माहीत असतं? मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटसारख्या ठिकाणी आहे. संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानड्यांसारख्या माणसाने तो उभा केला. त्याच्या आसपास नोकरी केलेले माझे दोन नातेवाईक आहेत, दोघांनाही ठाऊक नव्हतं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे.

सप्रयोग व्याख्यानाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण हा प्रकार मैफलीत मिळत नाही. मैफलीत तुम्ही दाद देऊ शकता, प्रश्न विचारू शकत नाही. अशाच एका व्याख्यानात एक वयस्कर गायक तानपुरा जुळवत होते आणि पहिली तार पंचमाला न लावता निषादाला ('नी'ला) लावत होते. मागे बसलेला एक इंजिनिअरिंगचा मुलगा उभा राहिला, म्हणाला, "सर, ही तार नेहमी पंचमात असते ना?" बुवा खूश झाले. म्हणाले, मी आज जे राग दाखवणार आहे त्यांत पंचम नाही, म्हणून. आणि मग मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग त्यांनी एकामागून एक दाखवले. सूर तिन्हींत तेच, कोमल रिषभ (उतरलेला 'रे') आणि तीव्र मध्यम (चढलेला 'म'), पंचम वर्ज्य. मारव्यात ते रिषभावर आणि धैवतावर रेंगाळले आणि षड्जाकडे येतायेता थांबले, सगळ्यांच्या जिवाला नुसती हुरहूर. पूरियात खाली मंद्रात गेले, गंधार आणि निषाद धरले, आणि खोली गंभीर झाली. सोहनीत आवाज वरच्या षड्जाला भिडला आणि चपळ झाला. प्रत्येकी चार-पाच मिनिटं, जास्त नाही. "सूर तेच आहेत, मुक्काम बदलला," एवढंच ते म्हणाले. तो मुलगा नंतर विभागातल्या शिक्षकांना विचारत होता, मी आठवड्यातून एकदा वर्गात येऊन बसलो तर चालेल का.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे दुसऱ्या शाखेच्या मुलांना संगीताचा विषय घेता येण्याची वाट मोकळी झाली आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण विज्ञानाच्या मुलाला संगीत विभागाचं दार कुठे आहे ते आधी कळायला हवं, आणि ते त्याला एखाद्या कार्यक्रमामुळेच कळणार.

म्हणून विभागातल्या मंडळींना हात जोडून मागणं आहे. तुमच्यातले बरेच जण तुटपुंज्या माणसांवर विभाग चालवता, मला ठाऊक आहे. तरी महिन्याच्या पहिल्या तारखेला एक साधा कागद काढा: कोण गाणार-वाजवणार, कोणता वार, किती वाजता, कुठलं सभागृह, बाहेरच्यांना फाटकावर अडवणार नाहीत ना. बस्स. मुलांची नावं मोठ्या अक्षरात लिहा. भाषणं गाण्यानंतर ठेवा. आणि ध्वनिमुद्रण करून ठेवा, फोनवर केलं तरी चालेल. आज तळाशी ज्याचं नाव आहे त्याचं वीस वर्षांपूर्वीचं गाणं एक दिवस कुणीतरी शोधत येईल.

आणि आपण ऐकणाऱ्यांनी जायचं. मुलांना घेऊन जायचं, आई-वडिलांना घेऊन जायचं. तास-दीड तासाचा कार्यक्रम असतो, तिकीट नसतं, पहिल्या रांगेत जागा मिळते. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलाला किंवा मुलीला भेटून नुसतं नाव विचारलं तरी त्यांचा चेहरा बदलतो. त्या पूरिया धनाश्रीवाल्या मुलीला मी चुकलेल्या आवर्तनाबद्दल काही बोलले नाही. पंचमाबद्दल बोलले. तिने खाली वाकून नमस्कार केला आणि तबलजीकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, त्याने वाचवलं."

तुमच्या गावातल्या विद्यापीठात या हिवाळ्यात काय आहे ते माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. कोल्हापूर, नागपूर, पुणे, मुंबई, गोवा, कुठलंही. वार, वेळ आणि सभागृहाचं नाव नक्की लिहा, मी एकत्र यादी करून याच पोस्टमध्ये टाकते. बडोद्याची चौकशी करायला मी सोमवारी सुरसागरवर जाते आहे.