बिठूरला न थांबता आलेल्यांसाठी

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. ओळखीतली मंडळी काशी-प्रयाग-अयोध्या करून आली. परतीची गाडी कानपूरहून होती, तर अख्खा दिवस मॉलमध्ये काढला. म्हटलं, कानपूरजवळच्या बिठूरला नाही गेलात? तर म्हणे, "तिथे काय बघायचंय? पळपुट्या बाजीरावाचं गाव ना ते!"

याच मंडळींच्या डीपीवर झाशीची राणी असते. अहो, ती मनू लहानाची मोठी झाली कुठे? बिठूरला. येवल्याचे तात्या टोपे वाढले कुठे? आपल्या कर्जतजवळच्या वेणगावचा धोंडोपंत १८२७ मध्ये बाजीरावाला दत्तक गेला आणि नानासाहेब झाला, तो कुठे? पुण्याचा इतिहास १८१८ ला संपतो असं आपण धरून चाललोय. राज्य गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाबरोबर हजारो माणसं गंगेकाठी बिठूरला गेली, त्यांचं पुढे काय झालं हे विचारायलाही आपल्याला सवड नाही.

मी गेले होते तेव्हा घाटाजवळच्या एका मराठी घरात आजी भेटल्या. जन्म तिथलाच, पुणं कधी पाहिलेलं नाही. बोलणं मराठी, हेल सगळा कानपुरी. मी पुण्याची म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "शनिवारवाड्याचं दार अजून आहे का हो?" आहे म्हटलं. "मग बरं. इथलं काही ठेवलं नाही इंग्रजांनी."

खरंच नाही ठेवलं. १८५१ मध्ये बाजीराव गेले आणि कंपनीने आठ लाखांचं पेन्शन बंद केलं. नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान दाद मागायला पार लंडनपर्यंत जाऊन आला, हात हलवत परतला. मग सत्तावन्नचा उठाव. जुलैत इंग्रज सेनापती हॅवलॉकच्या फौजेने वाडा जाळला, डिसेंबरात विहीर उपसून सोनं-चांदी काढून नेली. नानासाहेब गंगा ओलांडून गेले, गाव कुठे जाणार? घाटावरचे मल्लाह म्हणजे नावाडी, दुकानदार, भटजी, सगळे तिथेच राहिले आणि त्यांनीच भोगलं. त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, आणि अभिमान मात्र आपला!

हो, दुसरा बाजीराव लढवय्या नव्हता, मान्य. कानपूरला सतीचौरा घाटावर आणि बीबीघरात इंग्रजांची, बायकामुलांसकट, जी कत्तल झाली तिचं समर्थन मीही करणार नाही. पण म्हणून गावच वगळायचं?

त्या आजींनी देवघर दाखवलं. एका वाटीत गुळगुळीत खडे होते. खड्याच्या गौरी! भाद्रपदात गंगेवरून आणायच्या, पूजा करायची, पुन्हा गंगेतच सोडायच्या. "या वर्षी सोडवेनात, ठेवून घेतल्या," म्हणाल्या. कोकणातली रीत दोनशे वर्षं गंगेच्या खड्यांवर चाललीय. इथे आम्ही गौरी ऑनलाइन मागवतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या मंडळींना कोणी सांगितलंच नसेल. टूरवाल्यांच्या यादीत बिठूर नसतं, आणि पुस्तकात एका ओळीत उरकतात. पण देवदर्शनालाच निघाला होतात ना? मग वाल्मीकींचा आश्रम तिथेच, लव-कुशांची जन्मभूमी म्हणतात ती तिथेच. ब्रह्मावर्त घाटावर ब्रह्मदेवाची खुंटी. दत्तसंप्रदायातल्या आपल्या टेंबे स्वामींनी तिथे कितीतरी चातुर्मास केले. दत्तभक्तांनीही बिठूर चुकवावं याचं मला फार वाईट वाटतं.

कानपूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे. बिठूरचं नानाराव पेशवा स्मारक पार्क आणि तिथलं संग्रहालय बघा, ध्रुव टीला ही टेकडी चढा, दगडी पत्थर घाटावर बसा. नावाडी होडीतून फिरवतो, त्याच्याशी हिंदीत का होईना पण बोला. त्याच्या गावाबद्दल विचारा, नुसतं पेशव्यांबद्दल नको. आणि मे महिन्यात जाऊ नका, तिकडचा उन्हाळा सोसवत नाही. कार्तिक पौर्णिमेला मोठा मेळा भरतो, जमलं तर तेव्हाच जा.